पाण्यावरून पाहिलेलं घर

"मामा, रस्त्यात बुडायचं भ्या वाटतंय व्हय?"

रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला होता. तोंडाशी आलेली शिवी गिळून त्यानं हा प्रश्न विचारला, कारण समोरचा माणूसच तसा होता. वय साठीच्या आसपास, डोक्याला पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत वर खोचलेला लेंगा, पाय अनवाणी, आणि अंगात भगभगीत नारिंगी रंगाचं फुगीर जाकीट. भर दुपारी सांगलीच्या पेठेत रस्त्याच्या मधोमध उभा राहून हा गृहस्थ मान वर करून विजेच्या तारा न्याहाळत होता.

सिद्धू आंबीनं खाली बघितलं, तेव्हा कुठं बोटीवरचं जाकीट अंगातच राहिल्याचं त्याच्या ध्यानात आलं. काढून काखेत मारावं म्हटलं, तर पट्टा सुटेना. सगळा जन्म नदीवर गेला, पण हे सोंग अंगावर चढून चारच दिवस झाले होते. तो रस्त्याच्या कडेला सरकला आणि पुन्हा वर बघायला लागला.

साताऱ्याचं राजस आणि ऋचा हे नवरा-बायकोचं जोडपं हौशी पाहुण्यांना कृष्णेतून फिरवून आणायचं. कराडपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत, दोन रबरी बोटी, दहा पाहुणे. नदीतला खडक कुठं, भोवरा कुठं, बंधारा आला की बोट कुठल्या अंगानं उचलून पलीकडं न्यायची, हे सांगायला एक जाणता माणूस हवा म्हणून त्यांनी कराडच्या खालच्या अंगाच्या एका गावातून सिद्धूला उचललं होतं. चौथ्या दिवशी बोटी सांगलीच्या घाटाला लागल्या. अडीच वाजता सगळ्यांनी परत यायचं, असं ठरवून पाहुणे गणपतीच्या दर्शनाला आणि भडंग घ्यायला गेले. सिद्धूनं बोटींपाशी बसायचं होतं. पण त्यानं राजसला सांगितलं, की हितं एक पाव्हणं हायती, वाइच भेटून येतो. पाव्हणं खोटं होतं. भेटायचं मात्र होतं, आणि त्या भेटीच्या आशेवरच तर तो या सफरीला तयार झाला होता.

सिद्धूला सांगली माहीत होती. निदान त्याची तशी समजूत होती. दोन हजार एकोणीसच्या पुरात त्याची लाकडी होडी ट्रकात घालून इथं आणली होती आणि तीन दिवस तो याच पेठांतून वल्ही मारत हिंडला होता. माणसं काढली, दुधाच्या पिशव्या पोचवल्या, एक बाळंतीण नेली, एक पोपटाचा पिंजरा नेला. कुठल्या गल्लीत पाणी ओढतं आणि कुठल्या गल्लीत ते तळ्यासारखं निवांत पडून असतं, हे त्याला इथं जन्मलेल्या माणसापेक्षा चांगलं ठाऊक होतं. फक्त त्या सांगलीला रस्ते नव्हते, दुकानं नव्हती, आणि कुत्रीसुद्धा छपरावर बसलेली होती.

आता पाणी काढून घेतलेली सांगली समोर होती आणि सिद्धूला तिच्यात काही म्हणजे काही ओळखू येईना. त्याच्या खुणा सगळ्या पाण्याच्या वरच्या. एका चौकात बॅनरवरचा पुढारी गळ्याइतक्या पाण्यात हात जोडून हसत उभा होता. तिथून उजवीकडं वळायचं. तो पुढारी आता कुठं गेला कुणास ठाऊक. पुढं विजेच्या तारा इतक्या खाली, की होडीत आडवं व्हावं लागायचं. आता तारा आभाळाला लागलेल्या. मग पुरुषभर उंचीचा एक माड, झावळ्या अगदी तोंडाशी येणारा; त्या माडाला होडी अडकवायची. आणि त्याला लागूनच ते घर. बैठं घर. हिरव्या लोखंडी जाळीची गॅलरी, जाळीत उगवत्या सूर्याची नक्षी. होडीत उभं राहिलं, की जाळी छातीला लागायची.

त्यानं एका चहावाल्याला विचारलं, की पाणी डाव्या हातानं रेटतं ती गल्ली कुठली. चहावाल्यानं त्याला नळाचं पाणी कधी येतं ते सांगितलं. मग त्यानं एका म्हाताऱ्याला अण्णांचं घर विचारलं. म्हाताऱ्यानं कुठले अण्णा, असं विचारलं. सिद्धू म्हणाला, पुरात अडकलेले. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं जरा दयेनं बघितलं आणि या पेठेत घरटी एक अण्णा आहे आणि पुरात अडकला नाही असा एकही नाही, असं सांगून तो आपल्या वाटेनं गेला. सिद्धूच्या डोक्याचा पार भुगा झाला. एकाच गल्लीतून तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा गल्ली वेगळीच आहे असं त्याला वाटलं.

भेटायचं कशासाठी, तर त्या गॅलरीत त्या दिवशी चार माणसं होती. अण्णा आणि त्यांची बायको, दोघंही सत्तरी ओलांडलेली, आणि शेजारची एक बाई कडेवर पोर घेतलेली. होडीत आधीच सात माणसं बसलेली. अण्णांनी पोर आणि पोराची आई आधी पुढं केली. ती बाई रडत म्हणत होती, की अण्णा, तुम्ही पण चला. होडी कलायला लागली तसा सिद्धूच ओरडला, "तासाभरात येतो, हितनं हलू नका." अण्णांनी हात वर करून बरं म्हटलं.

तो परत गेला नाही. पुढं काय झालं ते त्यानं गावात कुणालाच खरं सांगितलं नव्हतं. वल्हं मोडलं, असं बायकोला सांगितलं. दुसऱ्या पेठेत धाडलं, असं पोराला सांगितलं. दोन्ही ऐकायला बरं होतं. पण ती दोन म्हातारी माणसं तगली का गेली, हा किडा सहा वर्षं त्याचं काळीज पोखरत होता. गावाजवळ पूल झाला, होडी काठावर उपडी पडली, हाताला काम राहिलं नाही, तसा तो किडा आणखी माजला. आज त्याला एवढंच विचारायचं होतं, की ती माणसं वाचली का.

दोन वाजायला आले होते. तिसऱ्यांदा त्याच गल्लीत शिरताना त्याला एका गिरणीतल्या माणसानं हाक मारली. हळद-तिखट कुटून देणारी छोटी गिरणी होती आणि मालक नईम मुल्ला डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालेला होता. मघापासून हा नारिंगी मामा आपल्या दारावरून येरझाऱ्या घालतोय, हे त्यानं बघितलं होतं. त्यानं सिद्धूला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, जाकिटाचा पट्टा सोडवून दिला आणि काय शोधताय ते विचारलं. सिद्धूनं सांगितलं. हिरव्या जाळीचं बैठं घर, आणि शेजारी लहानसा माड.

"बैठं घर न्हाईच मामा ह्या गल्लीत. आणि माड तर एकच हाय, ह्यो भिंतीमागचा. त्यो काय ल्हान न्हाई."

"ल्हानच हुता. म्या झावळीला होडी बांधली हुती की."

नईमनं गिरणीचं बटण बंद केलं. घरघर थांबली. त्यानं सिद्धूला हाताला धरून दाराबाहेर आणलं आणि वर बोट दाखवलं. डोक्यावर पंधरा-सोळा फुटांवर गॅलरी होती. हिरवा रंग पोपडे धरून विटला होता, पण जाळीत सूर्य उगवत होता. भिंतीमागून माडाचा नागडा बुंधा सरळ वर गेला होता आणि झावळ्या तिथंच, गॅलरीच्या तोंडाशी होत्या. जाळी होडीतून छातीला लागत होती, म्हणजे खाली जमीनच असणार, असं सिद्धूनं सहा वर्षं धरून ठेवलं होतं. होडीखाली एक अख्खा मजला असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाण्याचा माणूस तो, पाण्यालाच जमीन समजून बसला होता.

"म्हंजे तुमी माझ्या डोस्क्यावरनं गेलासा," नईम म्हणाला. "हितं गिरणी बुडालीवती बघा. आमी आदल्या दिवशीच मिरजेला गेल्तो म्हणून बरं."

सिद्धूला हसू आलं नाही. त्यानं फक्त विचारलं, की वर अण्णा असतात का. नईम क्षणभर घुटमळला. मग, काकू आहेत, चला, एवढंच बोलून त्यानं पिवळे हात फडक्याला पुसले.

जिना मागच्या बोळातून होता. सिद्धू एकेक पायरी चढायला लागला. या घरी तो आला होता तो समोरून, हवेतून यावं तसा, गॅलरीच्या जाळीला हात घालून. जिना कसला तो त्याला माहीतच नव्हता. आता चढता चढता त्याला कळत होतं, की आपण सांगितलं, 'हितनं हलू नका,' तेव्हा या सगळ्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. हलायला त्यांना जागाच नव्हती. आपल्या एका शब्दाशिवाय त्यांच्याजवळ काही नव्हतं. त्याला वाटलं, इथूनच परत फिरावं. पण मागं नईम होता.

दार अण्णांच्या बायकोनं, शरयूबाईंनी उघडलं. बारीक अंगाच्या, नाकावर चष्मा, हातात निवडायची मेथी. सिद्धूची नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली आणि भिंतीवरच्या फोटोवर थांबली. तोच चेहरा. फोटोला चंदनाचा हार. सिद्धू जागच्या जागी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. सहा वर्षं जे वाटत होतं तेच झालं, असं त्याला वाटलं.

नईमनं सांगितलं, की काकू, हे मामा पुरात होडी घेऊन आले होते. शरयूबाई सभ्यपणे हसल्या. तसे पुष्कळ आले होते, त्या म्हणाल्या, सगळ्यांचे उपकार आहेत. त्यांना ओळख पटली नव्हती. इथूनही परत फिरता आलं असतं.

"म्या म्हनलो हुतो," सिद्धू म्हणाला, "तासाभरात येतो, हितनं हलू नका."

मेथीची जुडी खाली पडली. शरयूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही आहात?"

सिद्धूला हा प्रश्न कळला नाही.  त्यांनी त्याला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं. तो फोटोकडंच बघतोय हे बघून त्यांनी आधी तेवढं सांगून टाकलं, की अण्णा पुरात गेले नाहीत. दोन वर्षं झाली त्यांना. वय झालं होतं, दहा दिवस दवाखान्यात होते, हाल झाले नाहीत. सिद्धूच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. पण फार वेळ नाही, कारण शरयूबाई पुढचं सांगायला लागल्या होत्या.

त्या दिवशी तासाभरानं दुसरी होडी आली. मग संध्याकाळी तिसरी. दोन्हींत जागा होती. अण्णांनी दोन्ही होड्या पुढच्या घरांकडं पाठवल्या. आम्हाला न्यायला माणूस यायचाय, म्हणाले. शरयूबाई त्यांच्यावर चिडल्या. इथं पाणी उंबऱ्याला लागलंय, औषधाची गोळी एकच उरलीय, आणि तुम्ही आल्या होड्या माघारी धाडताय, म्हणजे काय?

"तेव्हा काय म्हणाले माहीत आहे?" शरयूबाई म्हणाल्या. "म्हणाले, अगं, त्यानं हलू नका म्हणून सांगितलंय. तो आला आणि आपण इथं नसलो, तर बिचारा या ओढीत आपल्याला शोधत बसेल. त्याच्या जिवाला काही झालं म्हणजे?"

सिद्धूनं मान खाली घातली. शरयूबाई सांगत राहिल्या. दोघांनी ती रात्र काढली, दुसरा दिवस काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी जवानांची बोट आली आणि त्या पोरांनी अण्णांना जवळजवळ उचलूनच आत घेतलं. पाणी उतरल्यावर अण्णांनी चार ठिकाणी चौकशी केली. अशी अशी लाकडी होडी, अशी पांढरी टोपी. कुणाला काही सांगता येईना. नाव विचारून ठेवलं नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं. शब्द देऊन न येण्यासारखा माणूस तो नव्हता, असं अण्णांचं ठाम मत होतं. म्हणजे तो परत येताना बुडाला असणार. आणि आपल्याला न्यायला येत होता म्हणूनच बुडाला असणार.

त्या वर्षीपासून सर्वपित्री अमावास्येला या घरात एक पान जास्तीचं वाढलं जात होतं. गुरुजींनी नाव विचारलं तर अण्णा म्हणाले, नावाडी. गोत्र विचारलं तर म्हणाले, कृष्णाकाठचा होता, तेवढ्यावर भागवा. अण्णा गेल्यावर शरयूबाईंनी ते चालू ठेवलं. पुण्याचा मुलगा अनीश म्हणतो, आई, आता पुरे. पण अण्णांचं पान वाढायचं आणि शेजारचं चुकवायचं, हे त्यांना जमलं नाही.

"एक मात्र होतं," त्या म्हणाल्या. "बाकीची पानं गच्चीवर ठेवली की कावळा लगेच शिवायचा. तुमच्या पानाला कधी म्हणून शिवला नाही. अण्णा हात जोडून उभे राहायचे. म्हणायचे, बाबा रे, आम्ही सुखरूप आहोत, आता मनात काही ठेवू नकोस. तरी नाही. तास तास उभे राहायचे उन्हात. शेवटी मी ते पान गाईला घालायची."

नईम दारातल्या दारात खाली बघत उभा होता. सिद्धूच्या मनात आलं, आपण तिकडं जिवंत होतो, भाकरी खात होतो, पोराचं लग्न केलं, आणि इकडं एक म्हातारा दर वर्षी उन्हात उभा राहून आपली समजूत घालत होता. वल्हं मोडल्याची गोष्ट त्याच्या जिभेवर तयार होती. इतक्या वेळा सांगितली होती, की ती सहज सांगता आली असती. या बाईंनी ती आनंदानं मानलीही असती. पण अण्णांनी त्याला बुडूनच मेलेला धरलं होतं, त्यापुढं मोडलेलं वल्हं फारच थोडकं होतं, आणि त्याला लाज वाटली.

"काकू, मला झोप लागली."

शरयूबाई समोर बसल्या.

"तुमच्या शेजारनीला साळंत उतरवलं. आदल्या दिसापासनं डोळ्याला डोळा न्हवता. कुनीतरी च्या दिला, म्हनलं दोन मिनटं टेकावं. टेकलो, त्ये एकदम तांबडं फुटल्यावरच जाग आली."

"आणि मग? सकाळी?"

"सकाळी मला दुसऱ्या अंगाला जा म्हनले, तिकडं गेलो. दोन म्हातारी मानसं ऱ्हायल्यात, असं सांगाय पायजे हुतं. तोंड हुईना. वाटलं, आता कुठली असतील ती." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "वल्हं मोडलं न्हवतं. कुनी आडवलं न्हवतं. म्या झोपलो हुतो."

 खाली गल्लीतून एक भाजीवाली ओरडत गेली. शरयूबाईंचा चेहरा बदलत गेला. राग आला होता, हे दिसत होतं, आणि त्यांनी तो लपवलाही नाही.

"हे त्यांना सांगायला हवं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "ते होते तोवर एकदा. झोप लागली म्हणून सांगितलं असतं तर हसले असते हो ते. इतकं हसले असते."

"व्हय," सिद्धू म्हणाला.

त्या उठून आत गेल्या. सिद्धूला वाटलं, आता आपण निघावं. तो उभा राहिला तेवढ्यात त्याचा फोन वाजला. राजस होता. अडीच वाजून गेलेत, पाहुणे बोटीत बसलेत, मामा कुठं आहात, असं तो विचारत होता. सिद्धूला आपण कुठं आहोत ते सांगता येईना. नईमनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि पेठेचं नाव सांगून वर, अर्धा तास लागेल, थांबा, असंही परस्पर सांगून टाकलं.

आतून भांड्यांचा आवाज आला. शरयूबाई बाहेर आल्या त्या ताट घेऊन. भात, वरण, वर तुपाची धार, कोशिंबीर, बाजूला ताकाची वाटी. एकटीसाठी केलेला स्वयंपाक होता, सगळा त्यांनी ताटात घातला होता. पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला. सिद्धू म्हणाला, की काकू, मी कुठल्या तोंडानं जेवू?  त्यांनी नुसता पाटाकडं हात केला.

सिद्धू बसला. शरयूबाई समोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. दोन्ही हात एकमेकांत धरून, मान जराशी पुढं काढून त्या त्याच्या हाताकडं बघत होत्या, श्वाससुद्धा आवरून धरावा तशा. सिद्धूनं भात कालवला.  त्यानं घास उचलला आणि तोंडात घातला.

शरयूबाईंनी सुस्कारा सोडला. मग त्या भिंतीकडं वळल्या आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तशा जरा मोठ्यानं म्हणाल्या, "अण्णा, जेवले हो ते."